देवीवर शिक्का पडलाच पाहिजे!

'स्मारक तिकीट' या शब्दाशीच माझं पहिलं भांडण आहे. आपल्याकडे स्मारक व्हायचं असेल तर माणसाला आधी मरावं लागतं. मग समिती होते, समितीत दोन तट पडतात, जागेचा वाद कोर्टात जातो आणि या सगळ्यातून काही उरलंच तर एखाद्या चौकात पुतळा उभा राहतो. पुतळ्याच्या वरची पायरी म्हणजे टपालाचं तिकीट. तिथेही सहसा अट तीच. महर्षी कर्व्यांसारखा एखादाच असा निघतो, की जो १९५८ साली आपल्या शंभराव्या वाढदिवशी आपलंच तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. बाकीच्यांनी आधी जायचं आणि मग तिकीट मिळायचं. रेल्वेच्या अगदी उलट!

आता मला सांगा, प्रेमाच्या देवीचं स्मारक तिकीट कशासाठी? ती काय वारली?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या एका तिकीटसंग्राहक स्नेह्यांमुळे. गृहस्थ अत्यंत सज्जन. पंचेचाळीस वर्षं तिकिटं गोळा करताहेत. इतर लोक पाहुण्यांना चहा देतात, हे भिंग देतात. परवा त्यांनी मला एक स्मारक तिकीट दाखवलं. बोटिचेल्लीच्या त्या जगप्रसिद्ध चित्रातली देवी, शिंपल्यावर उभी. ग्रीकांची ॲफ्रोडाइटी, रोमनांची व्हीनस. देशाचं नाव कोपऱ्यात इतकं बारीक, की त्या देशालाच आपल्या तिकिटाचा संकोच वाटत असावा.

मी सहज बोट पुढे केलं.

"अहो, हात लावू नका!" स्नेही किंचाळले.

त्यांचा आवाज ऐकून वहिनी आतून धावत आल्या. त्यांना वाटलं, मी विजेच्या तारेला हात लावला. मग स्नेह्यांनी मला समजावून सांगितलं. तिकीट चिमट्यानेच उचलायचं. उजेडात फार वेळ ठेवायचं नाही. मागचा डिंक अगदी कोरा पाहिजे. त्या डिंकाला जन्मात कधी ओलावा लागलेला नसावा. तिकिटाची किंमत त्यावरच ठरते. एकदा का ते पाकिटावर चिकटलं आणि त्यावर शिक्का पडला, की बहुतेक वेळा त्याचा भाव उतरलाच म्हणून समजा.

म्हणजे बघा! देवी प्रेमाची. तिचं तिकीट पत्राला लावायचं. आणि तिची किंमत केव्हा, तर तिला कुणी ओठ लावला नाही, कुणी हात लावला नाही आणि ती आयुष्यात एकदाही कुणाच्या पत्रावरून कुणाकडे गेली नाही तर! याला तुम्ही छंद म्हणा. मी याला प्रेमाच्या देवीला दिलेली जन्मठेप म्हणतो.

त्या दिवशी तिथे एक निवृत्त मुख्याध्यापकही बसले होते. त्यांचा आक्षेप निराळाच होता. भिंगातून त्यांनी तिकीट जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे असलं सरकारी तिकिटावर? काही नेसायला तरी द्यायचं होतं!"

हा आक्षेप फार जुना आहे. तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीचा तरी आहेच. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. प्रॅक्सिटेलीस नावाच्या ग्रीक शिल्पकाराने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲफ्रोडाइटीच्या दोन मूर्ती घडवल्या. एक वस्त्र नेसलेली, दुसरी विवस्त्र. दोन्ही विकायला काढल्या, किंमत सारखीच. पहिली निवड कॉस बेटाच्या लोकांची होती. कॉसकर मंडळी आपल्यासारखीच मध्यमवर्गीय असावीत. त्यांनी लोक काय म्हणतील याचा विचार केला आणि नेसलेली मूर्ती घेतली. उरलेली मूर्ती समोरच्या किनाऱ्यावरच्या क्निडॉस गावाने घेतली. पुढे झालं असं, की विवस्त्र देवीला बघायला माणसं समुद्र ओलांडून क्निडॉसला यायला लागली आणि कॉसच्या सुवस्त्र देवीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सभ्यपणाला दाद मिळत नाही ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती ऐकायला मुख्याध्यापक थांबले नाहीत याचं मला वाईट वाटतं. क्निडॉस गावावर कर्ज होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं डोईजड. निकोमिडीस नावाचा राजा म्हणाला, "ती मूर्ती मला द्या, गावाचं सगळं कर्ज मी फेडतो." तुम्हीआम्ही असतो तर काय केलं असतं? सभा बोलावली असती. खजिनदाराने आकडे मांडले असते. "भावना आणि व्यवहार यांची गल्लत नको" असं कुणीतरी बोललं असतं. आणि मूर्ती बैलगाडीत चढली असती. क्निडॉसकरांनी राजाला चक्क नाही म्हणून सांगितलं. कर्ज राहू दे, देवी जाणार नाही!

प्रेमाची देवी विकायची नसते, हे ज्यांना कळलं त्यांना तिचं मोल कळलं. त्याच क्निडॉसच्या नाण्यांवर देवीचा चेहरा असायचा. तीही सरकारी छापाईच की! पण ती नाणी चिमट्याने उचलून मखमलीत ठेवायला काढलेली नव्हती. त्या नाण्यांनी बाजार चालत होता. या हातातून त्या हातात जाऊन देवीचं नाक झिजत होतं. देवीचं नाक भक्तांच्या हातांनी झिजावं, यातच देवीचा मान आहे. आपल्या विठोबाचे पाय बघा.

तेव्हा तिकिटावरच्या नागवेपणाशी माझं भांडण नाही. १९३० साली स्पेनने गोयाच्या 'नग्न माजा' या चित्राची तीन तिकिटं काढली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! मला त्या तिकिटांचं काहीच खटकत नाही. लपवण्यासारखं त्या बाईकडे नव्हतं आणि तिने ते लपवलंही नाही. लपवण्यासारखं असतं ते तिकिटं काढणाऱ्यांकडे. मला अश्लील वाटतो तो निराळाच प्रकार.

तो प्रकार असा. १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आखातातल्या काही चिमुकल्या अमिरातींनी तिकिटांचा धंदा मांडला. अजमान, फुजैरा ही त्यातली नावं. तिकिटं काढण्याचा मक्ता परदेशी व्यापाऱ्यांकडे. अजमानची वस्ती तेव्हा काही हजारांत. तिच्या ताब्यातल्या मनामा नावाच्या चिमुकल्या गावाच्या नावानेसुद्धा वेगळी तिकिटं! विषय कोणते? अंतराळवीर, ऑलिंपिक, मांजरं, फुलपाखरं आणि युरोपातल्या थोर चित्रकारांनी काढलेल्या विवस्त्र स्त्रिया. भोवती वाळवंट, घरोघरी बुरखा आणि तिकिटावर हा थाट! त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने आपलंच तिकीट पाहिलं असतं तर बिचारा उंटावरून पडला असता. पण त्याने ते पाहिलंच नसणार. कारण यातली बहुतेक तिकिटं त्या वाळवंटात पोचतच नव्हती. ती परदेशात छापायची आणि तिथूनच जगभरच्या पोरांना पाकिटांतून विकायची.

आणि कळस म्हणजे, यातल्या ढिगांनी तिकिटांवर शिक्का आधीच मारलेला असे. एका कोपऱ्यात अगदी सुबक, अर्धगोल शिक्का. मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे टपालात कधी न गेलेल्या तिकिटाला टपालातून आल्याचा दाखला! लग्न न करताच मिळालेलं घटस्फोटाचं प्रमाणपत्र म्हणा ना. पत्र नाही, पत्ता नाही, लिहिणारा नाही, वाट पाहणारी नाही. नुसता शिक्का. मुख्याध्यापक महाशय, अश्लील म्हणायचं तर याला म्हणा! देवीच्या अंगावर कपडा नाही याची लाज कसली वाटून घेता? तिच्या पाठीशी पत्र नाही याची लाज वाटू द्या.

डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरात झाली आणि हा बाजार हळूहळू उठला. पण रीत पडली ती पडलीच. आज भल्याभल्या देशांची टपालखाती स्मारक तिकिटं काढतात ती पत्रांसाठी कमी आणि आल्बमांसाठी जास्त. विकायचं आणि त्याच्या बदल्यात काहीच पोचवायचं नाही, यापेक्षा किफायतशीर धंदा जगात दुसरा नसेल.

ग्रीकांनीच या देवीला जन्म दिला, तेव्हा त्यांची साक्ष काढू. ग्रीसने आपलं पहिलं टपाल तिकीट काढलं १८६१ साली. त्यावर कोण होतं? हर्मीस. देवांचा निरोप्या, पायांत पंखांची पादत्राणं घालून फिरणारा. थोडक्यात, ऑलिंपसचा पोस्टमन. हा जन्मला त्याच दिवशी त्याने अपोलोच्या गाई चोरल्या होत्या, म्हणून तो चोरांचाही देव. टपालखात्याने त्यालाच का निवडलं याबद्दल मी काही बोलत नाही.

या हर्मीसचं आणि ॲफ्रोडाइटीचं एक प्रकरण होमरने 'ओडिसी'त सांगितलं आहे. ॲफ्रोडाइटीचा नवरा हिफेस्टस. लोहारकाम करणारा, पायाने अधू. ती रमली युद्धदेव एरीसमध्ये. नवऱ्याला कळलं. त्याने कोळ्याच्या जाळ्यासारखं तलम, पण न तुटणारं जाळं घडवलं आणि दोघांना पलंगावरच अडकवलं. मग बाकीच्या देवांना बोलावलं. चाळीत भांडण झालं की जसे सगळे दारात जमतात, तसे देव जमले. देवी मात्र लाजून आपापल्या घरीच राहिल्या. देव पोट धरून हसत होते. अपोलोने हर्मीसला विचारलं, "काय रे, असं अडकून घेशील का तू?" हर्मीस म्हणाला, याच्या तिप्पट साखळ्या घाला आणि सगळे देव-देवी बघायला बसा, तरी माझी तयारी आहे!

असा हा पोस्टमन! आणि त्यात नवल काय? प्रेम आणि टपाल यांचं नातं हेच. प्रेमाला निरोप्या लागतो आणि निरोप्याला निरोप नेता नेता प्रेम म्हणजे काय ते कळतं. ग्रीसने १९८६ साली ऑलिंपसच्या बारा देवदेवतांची तिकिटं काढली, तेव्हा हे दोघे एकाच संचात आले. आमच्या स्नेह्यांच्या आल्बमात तो संच आहे. दोघे वेगवेगळ्या खणांत, प्लास्टिकच्या आड. हिफेस्टसला जे जाळं जमलं नाही ते तिकीटसंग्राहकांनी करून दाखवलं.

आणि ही देवी मुळात इतकी नाजूकही नाही. सायप्रसमध्ये पॅफॉसजवळ तिचं पुरातन ठाणं होतं. समुद्राच्या फेसातून ती त्याच किनाऱ्यावर आली असं मानत. पण त्या देवळात शिंपला नव्हता, मोकळे सोनेरी केस नव्हते, काही नव्हतं. पूजेला होता एक निमुळता दगड! आपल्याकडे कितीतरी देवींचा नुसता तांदळा असतो, तसाच. म्हणजे देवीला रूप नसलं तरी चालतं, माणसांचं येणंजाणं पाहिजे. तिकिटाचंही तेच. चित्र नसलं तरी चालेल, जाणं पाहिजे.

इथे माझे स्नेही एक हुकमी पान टाकतात. "अहो, पण पत्रं लिहितंय कोण आता?"

खरं आहे. डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेल्या टपालसेवेने २०२५ च्या डिसेंबरात पत्रं वाटणं बंद केलं. आपल्याकडेही २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पूर्वी ज्या माणसाला रजिस्टर पत्र येई, त्याच्याकडे सबंध चाळ आदराने किंवा संशयाने बघत असे. ती प्रतिष्ठा गेली. सगळं मला मान्य आहे. पण मग प्रामाणिकपणे म्हणा, की पत्र वारलं आणि हे त्याचं स्मारक. देवीला कशाला मध्ये ओढता? पत्र मेलं म्हणून प्रेम मेलेलं नाही. ते बिचारं टेलिफोनच्या पडद्यावर लाल बदामाच्या रूपाने का होईना, पण दिवसरात्र धावपळ करतंय. धावपळ करणाऱ्याचं स्मारक करायचं नसतं.

आपल्या टपालखात्याची या बाबतीतली कामगिरी मी डोळ्यांत तेल घालून पाहत आलो आहे. १९६० साली त्यांनी कालिदासाची दोन तिकिटं काढली. एकावर मेघाची विनवणी करणारा यक्ष, दुसऱ्यावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला. टपालाच्या तिकिटावर यापेक्षा योग्य विषय मला तरी सुचत नाही. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक असं पुष्कळ जण मानतात, तेव्हा तो मेघ आपल्याच सर्कलचा पोस्टमन म्हणायचा. यक्षाची किंमत पंधरा नवे पैसे आणि शकुंतलेची एक रुपया तीन नवे पैसे. बायकोला पत्र लिहिणाऱ्याच्या मानाने प्रियकराला पत्र लिहिणारी महाग पडते, हे सरकारलाही कळलं होतं. गंमत म्हणजे नाटकात शकुंतला कमळाच्या पानावर नखांनी पत्र कोरते, मैत्रिणींना वाचून दाखवते आणि झाडाआड लपलेला दुष्यंत तेवढ्यात समोर येतो. म्हणजे ते पत्र टपालात पडलंच नाही. तिकीट मात्र निघालं!

२००७ च्या फेब्रुवारीत गुलाबाच्या वासाची तिकिटं आली. त्याच्या आदल्या डिसेंबरात चंदनाच्या वासाचं आलं होतं. ती तिकिटं किती पत्रांवर लागली ते मी विचारत नाही, पण माझ्या पेटीत त्यातलं एकही आलं नाही. आमच्या स्नेह्यांकडे मात्र सगळी आहेत, प्लास्टिकमध्ये, हवाबंद. वास येऊ नये म्हणून! आणि २०११ पासून पैसे भरून तिकिटावर स्वतःचाच फोटो छापून घ्यायची सोय झाली. पाण्यात स्वतःचं तोंड बघून स्वतःच्याच प्रेमात पडलेला नार्सिसस हाही ग्रीकच. एकूण आपला प्रवास ॲफ्रोडाइटीकडून नार्सिससकडे चालला आहे.

"मग तुमच्या मते तिकीट असावं तरी कसं?" असं मला कुणी विचारलं नाही, पण मी सांगतोच.

आमच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात एक पाकीट आहे, सांगलीहून मुंबईला आलेलं, १९७१ च्या नोव्हेंबरअखेरचं. त्यावेळी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैसे जादा आकारत. घाईघाईत खात्याने चालू पाच पैशांच्या तिकिटावरच 'निर्वासित सहायता' अशा अर्थाचे शब्द उमटवून ते विकायला काढलं. ते चालू तिकीट होतं कुटुंबनियोजनाचं! साखरपुडा होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेल्या मुलीने होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, त्यावर कुटुंबनियोजन आणि त्यावर निर्वासित. आमच्या वडिलांनी ते पाकीट हातात घेऊन पुढून-मागून पाहिलं आणि काही न बोलता माझ्याकडे दिलं. पत्रात काय होतं ते मी सांगणार नाही. सौ. हे पुस्तक वाचणार आहे.

ते तिकीट दिसायला अत्यंत सामान्य. एका बाजूने फाटलेलं. शिक्का इतका दणदणीत, की पत्र जखमीच झालं होतं. आमच्या स्नेह्यांनी भिंग लावून पाहिलं आणि "डॅमेज्ड, भाव नाही" असा निकाल दिला. नसू दे भाव! त्या तिकिटाने एका मुलीचा निरोप तीन जिल्हे ओलांडून आणला आणि जाता जाता पाच पैसे कुठल्याशा छावणीतल्या, ना ओळखीच्या ना पाळखीच्या माणसाच्या भाताला दिले. त्यावर कुठलीही देवी छापलेली नव्हती. तरी त्या मुठीएवढ्या पाकिटात ती हजर होती. आणि ती आली होती याचा पुरावा एकच, तो दणदणीत काळा शिक्का. गाव, तारीख, वेळ. प्रेम अमुक दिवशी निघालं आणि अमुक दिवशी पोचलं, अशी लेखी पोच सरकारने देण्याचे ते दिवस होते. पडद्यावरचे बदाम रोज शंभर येतात आणि टेलिफोन बदलला की सगळे जातात. माळ्यावरची ट्रंक अजून आहे.

म्हणून जगातल्या यच्चयावत टपालखात्यांकडे माझी जाहीर मागणी आहे. ॲफ्रोडाइटीचं तिकीट जरूर काढा. नेसलेली काढा, न नेसलेली काढा, नुसता दगड काढला तरी माझी हरकत नाही. पण स्मारक म्हणून काढू नका. सोनेरी चौकट, मर्यादित आवृत्ती, मखमली पाकीट हे लाड नकोत. तिला बसवा साध्या पत्राच्या, सगळ्यांत स्वस्त, रोजच्या तिकिटावर. खेड्यातल्या पोस्टातही, मनीऑर्डरच्या रांगेत उभं राहून घेता येईल असं. मागे भरपूर डिंक लावा, आणि तो चाटावा लागेल असाच लावा. संग्राहकांना तिकीट द्या, पण आधी त्यांनी एक पत्र लिहिल्याचा दाखला आणावा. बायकोला लिहिलेलं असल्यास दोन तिकिटं द्या. कारण त्याला हिंमत लागते.

आणि पोस्टातल्या शिक्का मारणाऱ्या बंधूंनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. देवी आहे, सुंदर आहे, तिच्या चेहऱ्यावर कसा मारू, असा विचार मनात आणू नका. तिला याची सवय आहे. ती वाट बघतेय. शाई ताजी घ्या आणि मारा, चांगला जोरात!